वडिलांच्या मोबाईलवर कोर्टाची नोटीस आली, केस नंबर आणि तारीख बराबर आहे पण पैसे मागायलेत. खरी समजावी का?

सेलूकर_वाळूज

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातला, सध्या वाळूजला कंपनीत आहे. गावाकडं आई-वडील दोघंच असतात. आमचा चुलत्यांसोबत वाटपाचा दावा चालूय २०१४ पासून, साडेसात एकर रान आणि मधात एक विहीर, त्या विहिरीवरच सगळं अडलंय. दीड-दोन महिन्याला तारीख पडते, वडील एसटीनं जातात, वकील साहेबांना तोंड दाखवतात आणि संध्याकाळी वापस येतात.

काल दुपारी वडिलांच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. डीपीला तीन सिंहाचं चित्र, खाली जिल्हा न्यायालय लिहिलेलं. पीडीएफ उघडली तर वडिलांचं पूर्ण नाव, तिन्ही चुलत्यांची नावं, दाव्याचा नंबर, पुढची तारीख, एवढंच काय आमच्या वकील साहेबांचं नाव पण होतं. आणि लिहिलेलं की तुम्ही तारखेला गैरहजर राहिलात, तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम आणि वॉरंट काढायलोत, थांबवायचं असेल तर आज ५ वाजायच्या आत १८,५०० रुपये खालच्या क्यूआरवर भरा. सोबत दुसरी एक फाईल, नाव कोर्ट नोटीस, पण शेवटी एपीके लिहिलेलं.

आता अडचण अशी की वडील मागच्या तारखेला खरंच गेले नव्हते. कापूस वेचायला बाया मिळाल्या होत्या, आणि बाया काय रोज मिळत नाहीत, म्हणून वकील साहेबांना फोन करून घरीच राहिले. त्यामुळं त्यांना वाटलं झालं, आपलीच चूक. आई म्हणली दुपारी जेवले नाहीत, ओसरीत बसून चष्मा लावून तेच पान वाचायलेत. मला फोन केला तेव्हा आवाज असा होता की मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नाही. पैसे भरले नाहीत अजून, मी थांबवलं. पण ती दुसरी फाईल दाबली म्हणतात.

माझे प्रश्न असे की एक तर यांना एवढी माहिती कुठून मिळाली, कोर्टातलं कोणी विकायलंय का? का आमच्या चुलत्यांनीच कोणाला सांगून हे केलं, वडील तेच म्हणायलेत आणि घरात त्यावरून वेगळाच ताप झालाय. दुसरं म्हणजे आता समन्स व्हॉट्सॲपवर येतं असं नवीन कायद्यात आहे म्हणतात, मग खरं आलं आणि आपण खोटं समजून सोडून दिलं तर? वकील साहेबांचा फोन कालपासून लागंना, लग्नाला गेलेत म्हणे.

मोबाईलवाला_परभणी

भाऊ बाकीचं नंतर वाचा, आधी वडिलांना फोन करून सांगा की मोबाईलचं नेट बंद करा, वायफाय असेल तर ते पण. आत्ता. एपीके म्हणजे नोटीस नसते, ते ॲप असतं. दाबलं म्हणजे नुसतं डाउनलोड झालं का इन्स्टॉल पण झालं हे बघावं लागेल. इन्स्टॉल झालं असेल तर ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि माणूस घाबरलेला असला की येईल त्या प्रश्नाला हो हो दाबत जातो. एकदा मेसेज वाचता यायला लागले की बँकेचा ओटीपी तुमच्या वडिलांच्या आधी त्यांना दिसतो.

दुकानात दर आठवड्याला असे दोन-तीन मोबाईल येतात. आधी लग्नपत्रिकेच्या नावानं यायचे, मग गाडीच्या चलनाच्या नावानं, पीएम किसानच्या नावानं, आता कोर्टाच्या. फाईल तीच, नाव बदलायलेत.

नेट बंद केलं की दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा, यूपीआय आणि एटीएम कार्ड बंद करायला सांगा. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करा, एका टायमाला लागत नाही, करत राहा. आणि मेहरबानी करून मोबाईल फॉरमॅट मारू नका, काहीच डिलीट करू नका. गावात कोणीतरी पोरगं म्हणेल दे मी साफ करून देतो, त्याच्या हातात देऊ नका.

सेलूकर_वाळूज

नेट बंद करायला लावलं. शेजारच्या पोराला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं त्याच्या फोनवरून. ॲप इन्स्टॉल झालेलं दिसायलंय, पण उघडलं नाही म्हणतात, कारण मोबाईलनं लाल रंगात काहीतरी इशारा दिला आणि ते घाबरून बाजूला ठेवून दिले. खात्यात सोयाबीनचे पैसे आहेत, बँकेला सांगून बंद केलं. १९३० लागंना अजून, लावायलो.

ॲड_गोदाकाठ

मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, कोणता जिल्हा ते राहू द्या. आधी वडिलांना माझ्याकडून हे सांगा की दिवाणी वाटपाच्या दाव्यात एका तारखेला गैरहजर राहिलं म्हणून कोणी वॉरंट काढत नाही. तुमची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, दाखल आहे, वकीलपत्र आहे, वकील हजर होते, मग पक्षकार त्या दिवशी शेतात होता का घरी होता याच्यानं फरक पडत नाही. साक्षीला यायचं असेल तर वकील आधी कळवतो. आणि दंड लागला तरी तो कोर्टात भरायचा असतो आणि पावती मिळते, कोणाच्या क्यूआरवर १८,५०० भरा असा हुकूम होत नाही. त्यांना जेवायला सांगा.

माहिती कुठून मिळाली, तर कोर्टातनं कोणी विकली नाही, आणि चुलत्यांनी पण नाही, निदान ही माहिती मिळवायला चुलत्यांची गरज नाही. ती सगळी उघडी आहे. ई-कोर्ट्सची जी वेबसाइट आणि ॲप आहे त्याच्यावर जिल्हा, तालुका निवडा, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका, केस समोर येते. वादी-प्रतिवादी, वकिलाचं नाव, मागच्या सगळ्या तारखा, पुढची तारीख. मागच्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते पण दिसतं, त्यात 'प्रतिवादी गैरहजर' असं लिहिलेलं असू शकतं. तुमच्या वडिलांना जे वाटलं ना की यांना माझी गैरहजेरी पण माहीत आहे, ते इथून. तुमचा मोबाईल नंबर तिथं दिसत नाही, तो त्यांनी दुसरीकडून मिळवला असणार. नंबरांच्या याद्या विकल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रत्येक केसला एक सीएनआर नंबर असतो, १६ अक्षर-आकड्यांचा, आपल्याकडचा एमएच पासून सुरू होतो. तो वकिलाकडून किंवा कोर्टाच्या खिडकीवरून एकदा लिहून घ्या. ॲपमध्ये टाकला की केस उघडते. पण ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही, आणि वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघा. नुसतं मधात कुठंतरी गव्ह लिहिलेलं असून चालत नाही.

आता समन्सचं. तुम्ही विचारलेलं बरोबर आहे, आणि लोक इथं चूक करायलेत, काही जण म्हणतात मोबाईलवर आलं की खोटंच. तसं नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामासाठी नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात कलम ६३ आणि ६४ मध्ये इलेक्ट्रॉनिक समन्स आहे, त्याच्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही पाहिजे. दिवाणीत पण ईमेलनं बजावणी करायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आधीपासून आहे. पण पोलीस चौकशीला हजर राहा म्हणून जी नोटीस देतात, कलम ३५ ची, ती व्हॉट्सॲपवर देणं चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणजे कोर्टाचं समन्स वेगळं, पोलिसांची नोटीस वेगळी.

म्हणून मी पक्षकाराला सांगतो की आलेला कागद खरा का खोटा हे त्या कागदाकडं बघून ठरवू नका. त्यावरचा नंबर लावू नका, त्यावरची लिंक दाबू नका. आपल्या ओळखीच्या वाटेनं जाऊन विचारा, ॲपमध्ये सीएनआर टाकून, नाहीतर वकिलाला, नाहीतर सरळ त्या कोर्टात जाऊन. खरं समन्स असेल तर त्याची नोंद कोर्टात असतेच. आणि खरं समन्स फक्त एवढंच सांगतं की अमुक कोर्टात अमुक तारखेला अमुक वाजता या. पैसे आजच्या आज पाठवा असं त्यात नसतं.

बांधावरून

वकील साहेब राग मानू नका, पण मग ही माहिती उघड्यावर टाकली कामून? आमच्या घरची भांडणं, कोणाची जमीन किती, कोण कोणावर केस करून बसलंय, हे मुंबई-दिल्लीत बसलेल्या चोराला एका बोटावर कळायलंय. आधी दप्तर कोर्टात होतं, कुलपात होतं, चोराला निदान सेलूपर्यंत यावं तर लागत होतं. मी तर म्हणतो बंद करा हे सगळं. म्हाताऱ्या माणसाला बेलीफ घरी येऊन कागद द्यायचा, सही-अंगठा घ्यायचा, त्याला पाणी दिलं जायचं, चार माणसं बघायची. त्याच्यात कोणाची फसवणूक झालेली मी ऐकली नाही.

गंगाखेडची_लेक

बांधावरून दादा, तुमचं दुःख कळतं पण बंद करा म्हणू नका.

माझी पोटगीची केस पाच वर्षं चालली. सुरुवातीची दोन वर्षं मला तारीख कळायचा रस्ता म्हणजे एकच, कोर्टात जाणे. पोरगी कडेवर, सकाळची गाडी, दीड दिवसाची मजुरी बुडायची, आणि दुपारी कळायचं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. समोरच्याकडं वकील, गाडी, सगळं. त्याला घरबसल्या कळायचं, मला नाही. मग एका मॅडमनी ॲप टाकून दिलं, नंबर कागदावर लिहून दिला, तो कागद मी पोरीच्या लसीच्या कार्डात ठेवला होता. त्या दिवसापासून आदल्या रात्री बघायचे की बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, आहे का. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मी शेतात जायचे. ते कुलपातलं दप्तर तुम्हाला चांगलं वाटतं पण त्या कुलपाची चावी माझ्यासारखीकडं कधीच नव्हती.

भीती मला पण वाटते. नवरा-बायकोच्या केसमधली नावं, पोरीचं नाव, हे कोणी पण बघावं असं मला वाटत नाही. तेवढं झाकलं पाहिजे आणि नीट झाकलं पाहिजे. पण तारीख झाकू नका.

जुना_कारकून

ताई, तुमच्या या एका पोस्टसाठी मी लिहायला बसलो.

३१ वर्षं नोकरी केली, बरीचशी तालुक्याच्या कोर्टात, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आम्ही लागलो तेव्हा सगळं हातानं. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, वर लाकडी फळीवर, पावसाळ्यात पत्रा गळायचा आणि आम्ही दप्तरं इकडून तिकडं हलवायचो. जुन्या दाव्यात निजामकाळातले उर्दू कागद यायचे, मग वाचणारा शोधा, तो एकच म्हातारा गावात. वाटपाच्या दाव्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मागायचे आणि ते हातात घेतलं की कडा भुगा व्हायच्या. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीनं जुन्या कुणबी नोंदी शोधायला लावल्या तेव्हा लोकांना कळलं की त्या फडक्यात काय बांधलेलं होतं. म्हणून स्कॅनिंगला माझा विरोध नाही, उलट उशीर झाला असं वाटतं. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर केले, त्यातले २,०३८ कोटी तर नुसत्या जुन्या कागदांचं डिजिटायझेशन आणि जतन करायला आहेत.

बेलीफ पण गेला नाही, बांधावरून. आता त्याच्याकडं मोबाईलमध्ये ॲप असतं, बजावणी केली की तिथंच फोटो काढायचा, लोकेशनची नोंद होते. आधी काही जण झाडाखाली बसून घर बंद होतं असं लिहायचे, ते आता अवघड झालंय. म्हणजे फसवणूक तेव्हा पण होती, तिचा त्रास दुसऱ्याला व्हायचा.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं. निवृत्त व्हायच्या वर्षी एक आजोबा माझ्या खिडकीवर आले होते, सत्तरीच्या पुढचे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सातबारा, बँकेचं बुक आणि झेरॉक्सच्या दुकानात काढलेला रंगीत प्रिंट. नोटीस होती, असलीच. म्हणाले साहेब पैसे भरलेत, आता माझं नाव काढून टाका. मी कागद हातात घेतला आणि मला एका नजरेत कळलं. आमच्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक असतो, तो त्यावर नव्हता. शिक्का एवढा सरळ आणि एवढा स्वच्छ, की हातानं मारलेला शिक्का तसा कधी उठतच नाही, एका बाजूला शाई जास्त असतेच. सही कोणाची तर हुद्दा लिहिलेला 'मुख्य न्याय अधिकारी', असा हुद्दाच आमच्याकडं नाही. आणि तारीख रविवारची. मला हे दिसलं कारण मी आयुष्यभर तेच केलं. त्यांना कसं दिसावं? त्यांना फक्त तीन सिंह दिसले.

त्यांना खरं सांगायला मला फार जड गेलं. २२,००० गेले होते. ते खिडकीच्या बाहेर बाकावर बराच वेळ बसले, मी चहा मागवला, तो तसाच थंड झाला.

त्या दिवसापासून मला वाटतं की कोर्टाच्या दारात मराठीत मोठा बोर्ड पाहिजे, मोबाईलवर नोटीस आली असेल तर भरण्याआधी आत या आणि दाखवा. ई-सेवा केंद्र ही सोय त्याच्यासाठीच आहे, केस कुठंय, तारीख काय, नक्कल कशी मागायची हे तिथं फुकट सांगायला पाहिजे. पण काही ठिकाणी केंद्र आहे आणि खुर्चीवर माणूस नाही, हे मी निवृत्त झाल्यावर पक्षकार म्हणून गेलो तेव्हा पाहिलं, आणि फार वाईट वाटलं. कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं होतं. एवढे कोटी खर्चायचे आणि शेवटच्या खुर्चीवर माणूस बसवायचा नाही, असं करून चालणार नाही.

सेलूकर, तुमच्या वडिलांना म्हणावं खिडकीवर जा. कोणी खेकसलं तर सहायक अधीक्षकांना भेटा. तुमचा हक्क आहे तो. तालुका विधी सेवा समिती पण त्याच आवारात असते, विधी सेवेचा देशभरचा हेल्पलाइन नंबर १५१००, गरिबाला वकील फुकट देतात, सल्ला पण देतात.

कोडवाला_संभाजीनगर

वरती सगळ्यांनी इतकं चांगलं लिहिलंय, मी सॉफ्टवेअरच्या बाजूनं भर घालतो, कारण मला वाटतं दोन वेगळे प्रश्न एकत्र व्हायलेत. एक म्हणजे कोर्टाच्या नावानं लोकांना फसवणं, आणि दुसरा म्हणजे कोर्टाच्या सिस्टीममध्येच घुसणं.

पहिला प्रकार तालुक्याला होतो तसा वर पण होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कोणीतरी सुप्रीम कोर्टाचीच हुबेहूब खोटी वेबसाइट बनवली होती, त्याच्यावर लोकांना बँकेची माहिती भरायला सांगायलेले, शेवटी रजिस्ट्रीला, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाला, ३१ ऑगस्टला जाहीर नोटीस काढून सांगावं लागलं की आम्ही कोणाची अशी माहिती मागत नाही. आणि २०२४ ला तर वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल, ८० च्या पुढचं वय, एवढे मोठे उद्योगपती, त्यांना व्हिडिओ कॉलवर खोटं सुप्रीम कोर्ट भरवून दाखवलं, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या नावानं माणूस बसवला, खोटा हुकूम पाठवला आणि ७ कोटी काढून घेतले. म्हणून सेलूकर, वडील अडाणी म्हणून फसायला निघाले असं तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

याला लोक डिजिटल अरेस्ट म्हणतात. कायद्यात असली अटक नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं याच्यात स्वतःहून लक्ष घातलं, अंबाल्याच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला कोर्टाचे खोटे हुकूम दाखवून लुटलं होतं म्हणून, आणि डिसेंबरात तपास सीबीआयकडं दिला.

दुसरा प्रकार, सिस्टीममध्ये घुसणं. २० सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब चॅनेल हॅक झालं आणि सुनावणीच्या जागी क्रिप्टोच्या जाहिराती दिसायला लागल्या. ते लवकर सावरलं. पण बाहेर बघा काय काय झालंय. अमेरिकेत कॅन्ससमध्ये ऑक्टोबर २०२३ ला हल्ला झाला आणि तिथली कोर्टं कित्येक आठवडे परत कागदावर आली. लॉस एंजेलिसला जुलै २०२४ मध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप लावून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं, २२ तारखेच्या सोमवारी ३६ च्या ३६ कोर्ट इमारती बंद ठेवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात तर सुनावण्यांच्या रेकॉर्डिंगपर्यंत चोर पोचले, म्हणजे साक्षीदार काय बोलला ते. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या फेडरल कोर्टांनी स्वतः मान्य केलं की केस फायलिंगच्या सिस्टीमवर हल्ले झालेत आणि गोपनीय कागद जास्त कडक बंदोबस्तात ठेवावे लागतील.

गंगाखेडच्या ताई म्हणायलेत ते इथंच लागू होतं. तारीख, बोर्ड, निकाल उघडे असले तर चोरायला काही नाही, ते आधीच सगळ्यांचं आहे. पण पीडितेचं नाव, लहान लेकराचा जबाब, मेडिकल, बंद लिफाफ्यातले कागद, हे एकदा स्कॅन झाले की त्याला लाकडी फळीपेक्षा मजबूत कुलूप लागतं, आणि त्याची एक प्रत नेटला न जोडलेल्या जागी पाहिजे, नसता एखाद्या दिवशी आपल्या जिल्ह्याची सगळी दप्तरं कोणीतरी कुलूप लावून बसेल आणि चावीचे पैसे मागेल.

अजून एक छोटी गोष्ट, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सुप्रीम कोर्टाच्या खऱ्या हुकुमाची पीडीएफ उघडली की पहिल्या पानावर 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड' असं दिसतं. माणूस म्हणतो हे खोटं आहे. तसं नाही, तुमच्या मोबाईलनं ती डिजिटल सही तपासलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि उलट, हिरवी टिक नुसती चित्र म्हणून कोणी पण चिकटवू शकतो. त्यामुळं टिक बघून विश्वास ठेवू नका आणि ते वाक्य बघून घाबरू पण नका, हुकूम परत कोर्टाच्या वेबसाइटवरून स्वतः उतरवून घ्या.

बांधावरून

ताई, कारकून काका, वाचलं. बंद करा हे शब्द मी वापस घेतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं, संडासला जायचं तरी विचारून. 'न्यायाधीश' आले तेव्हा उठून उभं राहा म्हणून सांगितलं आणि ते गुरुजी, ज्यांच्यासमोर आम्ही उभे राहायचो, ते आपल्या घरात एकटे मोबाईलसमोर उभे राहिले. मुलीला कळल्यावर सुटले. आता ते बाहेर पडत नाहीत, पैशापेक्षा लाजेनं. मी ते डोळ्यासमोर ठेवून रागात लिहिलं होतं.

ॲड_गोदाकाठ

त्यांना तक्रार करायला लावा, लाज चोराला वाटली पाहिजे.

आणि परभणीच्या भावांनी वरती लिहिलं की काही डिलीट करू नका, ते अगदी महत्त्वाचं आहे, त्याचं कारण सांगतो. इलेक्ट्रॉनिक पुरावा नुसता दाखवून चालत नाही, त्याच्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आधी पुरावा कायद्याचं ६५ ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. आणि याच्यावरचा देशभर चालणारा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची वेळ उलटल्यावर घेतला. त्याचा पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. सीडी मिळाली, पण मागून मागून अधिकारी प्रमाणपत्र देईनात. आपल्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, आणि सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला तो निकाल कायम ठेवला आणि सांगितलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागणारच, पण मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर नाही लागत, आणि ज्यानं मागायचे सगळे प्रयत्न केले त्याला ते मिळालं नाही म्हणून शिक्षा नको.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की वडिलांचा मोबाईल हा मूळ पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढून मोबाईल साफ केला की मूळ गेलं. नवीन प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे त्या फाईलचा अंगठाच समजा, एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. मोबाईल बंद करून पाकिटात ठेवा आणि सायबर पोलिसांकडं तसाच द्या.

सेलूकर_वाळूज

सगळ्यांना आज सांगतो काय झालं. रात्रीच्या गाडीनं गावी आलो. १९३० लागला शेवटी रात्री, तक्रार नंबर मिळाला. खात्यातून काही गेलं नाही, सोयाबीनचे पैसे जसेच्या तसे आहेत.

सकाळी वडिलांना घेऊन कोर्टात गेलो. खिडकीवर एक मॅडम होत्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, केस उघडून दाखवली. मागच्या तारखेला 'प्रतिवादी क्र. १ चे वकील हजर' एवढंच लिहिलेलं होतं, पुढची तारीख तीच आहे, वॉरंट वगैरे काही नाही. वडिलांनी त्यांना तीन वेळा विचारलं आणि त्यांनी तीन वेळा सांगितलं. त्या म्हणल्या या महिन्यात तुम्ही चौथे.

सीएनआर नंबर लिहून घेतला. वडिलांनी तो सातबाऱ्याच्या पिशवीत न ठेवता दाराच्या मागं, जिथं लाईट बिल अडकवतात तिथं खिळ्याला लावलाय, माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतला. ॲप आईच्या मोबाईलमध्ये टाकलं, आई सातवी शिकलेली आहे, तिला बघता येतं.

चुलत्यांचं पण सांगतो. काल रात्री वडिलांनी मोठ्या काकांना फोन केला, चार वर्षांनी. भांडायला नाही, विचारायला, की तुम्हाला पण असलं काही आलं का. तर त्यांना परवाच आलं होतं, आणि त्यांनी ५,००० भरले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलेलं आम्हीच केलं. वकील साहेब, त्यांची तक्रार आमच्या तक्रारीसोबत एकत्र देता येते का वेगळी द्यावी लागते?

ॲड_गोदाकाठ

वेगळी द्या, त्यांचे पैसे गेलेत म्हणून त्यांची आधी आणि आजच, जितकी लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येते. पण दोघांच्या अर्जात एकमेकांच्या तक्रारीचा नंबर लिहा, मेसेज एकाच दाव्याच्या नावानं आलाय हे तपासात कामाला येतं. व्यवहाराचा यूटीआर नंबर काकांच्या बँकेच्या मेसेजमध्ये असेल, तो जपून ठेवायला सांगा. त्यांचा मोबाईल पण साफ करू देऊ नका.

सेलूकर_वाळूज

बरं. काकांकडंच निघालोय, वडील पण येतो म्हणाले.